हातउसने दिले, कागद नाही: मित्रांमधला तोंडी करार

कायद्याच्या व्याख्यानांनंतर एक प्रश्न हमखास येतो: ‘मित्राला हातउसने पैसे दिले, लिहून काहीच घेतलं नाही. आता कोर्ट ऐकेल का?’ आज आपण तेवढाच प्रश्न घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे, तोंडी करार हाही करारच असतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १० प्रमाणे दोन्ही पक्ष सज्ञान हवेत, संमती मोकळी हवी, मोबदला आणि हेतू कायदेशीर हवा. दुसरा एखादा कायदा ‘लेखीच हवं’ म्हणतो तिथेच कागद सक्तीचा होतो. घर विकताना नोंदणीकृत खरेदीखत लागतं ते त्यामुळे. मित्राला दिलेल्या पन्नास हजारांना तशी अट नाही.

पण मित्रांमधला प्रत्येक शब्द काही करार नसतो. ‘तुझ्या धंद्याला मी लाखभर रुपये देईन’ हा शब्द मोडला, तर मन दुखावेल, दावा सहसा चालणार नाही. कलम २५ प्रमाणे मोबदल्याशिवाय दिलेलं वचन, थोडे अपवाद सोडले, तर रद्दबातल असतं. उसने पैसे वेगळे. तिथे तुम्ही पैसे दिलेत, त्याने परतफेड कबूल केली, मोबदला आला.

नुसती मैत्री आणि व्यवहार यांतली रेघ कुठे? इंग्लंडमधला १९५५ सालचा ‘सिम्पकिन्स विरुद्ध पेज’ हा खटला बघा. आजी, तिची नात आणि घरातला एक भाडेकरू असे तिघं मिळून वर्तमानपत्रातली स्पर्धा भरत. प्रवेशिका आजीच्या नावावर. बक्षीस लागलं ७५० पौंडांचं, आणि आजीने वाटा नाकारला. कोर्टाने भाडेकरूला एक तृतीयांश रक्कम दिली, कारण वाटून घ्यायचं हे तिघांनी खरोखर ठरवलं होतं. हा निकाल आपल्या कोर्टांना बांधून ठेवत नाही, पण कसोटी त्यातून नीट कळते.

आता खरी अडचण, पुराव्याची. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा लावणाऱ्यावर असते. बँकेच्या नोंदीवरून पैसे गेले हे दिसतं, कशासाठी गेले हे दिसत नाही. समोरचा सरळ म्हणू शकतो, ‘याने माझेच जुने पैसे परत केले.’ म्हणून ‘दिवाळीनंतर तुझे पन्नास हजार देतो’ हा त्याचा एक मेसेज फार मोलाचा. तो पुसू नका, फोनही जपा. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. आणि रक्कम शक्यतो रोखीने देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्यात, काही अपवाद वगळता, मनाई आहे.

सगळ्यात जास्त माणसं मात्र फसतात ती मुदतीत. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. परतीची तारीख ठरली असेल, तर त्या तारखेपासून. ‘मागशील तेव्हा देतो’ एवढंच ठरलं असेल, तर पैसे मागितल्यापासून नव्हे, दिल्या दिवसापासून! १० जून २०२२ ला दिलेत, तर १० जून २०२५ ला मुदत संपली. मधल्या काळात तो शंभर वेळा तोंडी ‘देतो’ म्हणाला, तुम्ही वकिलाची नोटीस पाठवलीत, तरी घड्याळ थांबत नाही.

ते नव्याने सुरू होतं लेखी कबुलीने. मुदत संपायच्या आत त्याने सही करून ‘इतके देणं आहे’ असं लिहून दिलं, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं. मुदत संपल्यावर नुसती कबुली पुरत नाही. मात्र ‘ते पैसे मी देईन’ असं लेखी, सहीनिशी वचन दिलं, तर कलम २५ त्याला नवा करार मानतं.

म्हणजे भिडेखातर गप्प बसणाराच यात हरतो. लिहून मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याला वाटतं. खरं तर रक्कम, तारीख आणि सही एवढी तीन ओळींची चिठ्ठी दोघांनाही सांभाळते: देणाऱ्याचे पैसे बुडत नाहीत, आणि घेणाऱ्याकडे उद्या कुणी जास्त मागू शकत नाही. तुमचे असे पैसे कुठे अडकले असतील, तर आज घरी गेल्यावर आधी दिल्याची तारीख शोधा.