शिडाच्या नौकेतील डिझेल इंजिनाची ताकद घटते तेव्हा

शिडाच्या नौकेवर डिझेल इंजिन दुय्यम साधन मानले जाते. तथापि वारा पडला असता, बंदराच्या अरुंद वाटेने आत शिरताना किंवा वारा नौकेला खडकाळ किनाऱ्याकडे लोटत असताना, तिच्यावरील माणसांची सुरक्षितता याच इंजिनावर अवलंबून असते. जे इंजिन सुरू होते, संथ गतीने नीट चालते, पण भार पडताच दम सोडते, त्याचा दोष ओळखणे पूर्ण बंद पडलेल्या इंजिनापेक्षा अवघड असते, कारण धक्क्याला बांधलेल्या नौकेवर ते निर्दोष भासते. अशा वेळी तपासणीचा क्रम सुटला, की चांगले इंजेक्टर उगाच उघडले जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. त्यामुळे इंजिनाला भरपूर हवा, स्वच्छ इंधन, पुरेसा दाब आणि जळालेल्या वायूला मोकळी वाट एवढेच लागते. नौकेवरील हँडल थेट इंधनाचे प्रमाण ठरवत नाही, तर फेऱ्यांचे लक्ष्य ठरवते. ते लक्ष्य टिकवण्यासाठी भाराप्रमाणे इंधन वाढवण्याचे किंवा घटवण्याचे काम गव्हर्नर हा यांत्रिक नियंत्रक करतो. कमी भारावर इंधनाची गरज अल्प असल्याने अर्धवट तुंबलेला फिल्टरही ती भागवतो, आणि म्हणूनच न्यूट्रलमध्ये इंजिन छान फिरले एवढ्यावरून इंधनव्यवस्था निर्दोष ठरत नाही.

यानमारचे ३जीएम३० हे नौकांमध्ये पुष्कळ आढळणारे तीन सिलिंडरचे इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. त्याची कमाल गती मिनिटाला ३,६०० फेरे आहे. भाराखाली फेरे याच्या बरेच खाली अडकत असतील, तर प्रथम हँडलची केबल इंजिनावरील दांडा शेवटपर्यंत ओढते का हे पाहावे, आणि फेरे दाखवणारा काटा आल्टरनेटरवर चालत असल्यास त्याचा पट्टा घसरत नाही याची खात्री करावी. याउलट फेरे नेहमीइतके असूनही नौका संथ चालत असेल, तर दोष इंजिनात नसून घसरणाऱ्या क्लचमध्ये किंवा पूर्ण न उघडलेल्या घडीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) शोधावा.

यानंतर धुराकडे पाहावे लागते, कारण तपासणीच्या दोन मुख्य वाटा तिथेच वेगळ्या होतात. भार वाढवताच काळा धूर येत असेल, तर इंधन पोहोचत आहे, मात्र त्या मानाने हवा अपुरी किंवा भार अतिरिक्त आहे. फेरे खाली येतात, वरखाली हेलकावतात, आणि तरीही काळा धूर दिसत नाही, तेव्हा इंधनच कमी पडत असल्याचा संशय बळावतो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे सुचवतो. पांढरा धूर न जळालेल्या इंधनाचा असू शकतो, पण थंड हवेत एक्झॉस्टमधील पाण्याची वाफही तशीच दिसते.

इंधनाची वाट सर्वाधिक दोष दडवते. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने टाकीतील दमटपणाचे पाणी तळाशी साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जीवाणू वाढून त्यांचा चिकट गाळ बनतो. शांत पाण्यात हा गाळ तळाशी पडून राहतो; समुद्र खवळला की ढवळून वर येतो आणि शोषनळीचे तोंड किंवा पहिला फिल्टर बुजवतो, त्यामुळे ताकद नेमकी सर्वाधिक गरजेच्या क्षणी जाते. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याची बारीक नळी, तुंबला असेल, तर इंजिन काही वेळ उत्तम चालून मग खचते, आणि टाकीचे झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज होऊन पुन्हा सावरते. टाकीपासून इंधन खेचणाऱ्या लिफ्ट पंपापर्यंतच्या भागात ओढ असल्याने तिथला सैल सांधा बहुधा डिझेल गळू देत नाही, तर हवा आत घेतो. अशा वेळी नळीचा छोटा पारदर्शक तुकडा जोडला असता बुडबुडे डोळ्यांना दिसतात. निर्णायक कसोटी मात्र साधी आहे: स्वच्छ डिझेलचा वेगळा कॅन लिफ्ट पंपाला थेट जोडावा, हवा काढून घ्यावी आणि इंजिन भाराखाली चालवावे. ताकद परतली, तर दोष टाकी, नळी किंवा पहिल्या फिल्टरमध्येच आहे.

काळ्या धुराच्या वाटेवर आधी हवा तपासावी. ९५४ घनसेंटिमीटरचे हे चार-स्ट्रोक इंजिन ३,६०० फेऱ्यांना मिनिटाला सुमारे १,७०० लिटर हवा ओढते; इंजिनाच्या कप्प्याचे झाकण उघडताच फेरे वाढले, तर कप्प्याला हवा कमी पडते हे सिद्ध होते. त्यानंतर एक्झॉस्ट एल्बो काढून पाहावा. या वळणदार भागात तप्त वायूत समुद्राचे पाणी सोडले जाते, आणि काजळी व क्षार यांचा थर साचून त्याची पोकळी बोटभरही उरत नाही, असे घडू शकते. हवा व एक्झॉस्ट मोकळे असूनही धूर कायम राहिला, तर तळ आणि पंखा पाण्याखाली पाहणे अनिवार्य होते. मुंबई किंवा गोव्याच्या उबदार पाण्यात नांगरून ठेवलेल्या नौकेवर बार्नॅकलसारखे कवचधारी जीव लवकर वाढतात, आणि पंख्यावर त्यांचा खरखरीत थर चढला म्हणजे निरोगी इंजिनावरही न पेलणारा भार येतो.

इंजेक्टर, झडपा आणि पिस्टनच्या रिंगा यांची पाळी या सर्वांनंतर येते, कारण त्यांची झीज सहसा हळूहळू होते आणि थंड इंजिन सुरू होण्यातील वाढत्या कष्टांतून आधीच जाणवू लागते. प्रत्येक टप्प्यावर एकच बदल करून पुन्हा भाराखाली चाचणी घ्यावी. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि पुढील बिघाडात त्या अनुभवाचा उपयोग होत नाही. तळ स्वच्छ आणि समुद्र शांत असताना पूर्ण हँडलवर मिळणारे फेरे, नौकेचा वेग व इंजिनाचे तापमान नोंदवहीत लिहून ठेवणारा नाविक या शोधाची अर्धी वाट आधीच चाललेला असतो, कारण ताकद घटली हा निष्कर्ष त्याला भासावरून नव्हे, तर आकड्यांवरून काढता येतो.