सशाच्या डोळ्यातील स्राव : मूळ अनेकदा दातांत

पाळीव सशाच्या डोळ्यातून पाणी किंवा पांढरट स्राव येऊ लागला की तो धुळीचा अथवा थंडीचा परिणाम समजून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. या विकाराचे मूळ मात्र पुष्कळदा डोळ्यात नसून दातांत असते.

माणसाच्या प्रत्येक डोळ्यात अश्रू वाहून नेणारी दोन छिद्रे असतात. सशाच्या डोळ्यात खालच्या पापणीपाशी एकच असते. तेथून निघणारी अश्रुनलिका नागमोडी वळणे घेत, वरच्या दाढा व पुढील दातांच्या मुळांना लागून नाकात उतरते. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते पुरेसे झिजले नाहीत तर मुळे मागे सरकून नलिकेवर दाब येतो, अश्रू साचतात आणि जंतुसंसर्ग होऊन दुधासारखा पू डोळ्यात येतो.

दात झिजतात ते गवत चावल्याने. जबलपूर जिल्ह्यातील पाटन परिसर हिरव्या वाटाण्यासाठी ओळखला जातो. हंगामात टरफले मुबलक व फुकट मिळतात आणि ससाही ती आवडीने खातो. परंतु अशा मऊ खाद्यावर भर राहिल्यास दातांना काम उरत नाही. पोटाचे विकार होतात ते वेगळेच. वाळलेले गवत हाच सशाचा मुख्य आहार असावा. टरफले, गाजर हा केवळ खाऊ.

दातांखेरीज इतरही कारणे संभवतात. मूत्राने भिजलेल्या पिंजऱ्यातील अमोनियाची वाफ, डोळ्यात गेलेले कुसळ, बुबुळावरील जखम, तसेच पाश्चुरेला जंतूंचा संसर्ग. शेवटच्या प्रकारात शिंका येतात व पुढच्या पायांची लव नाक पुसून चिकट होते. ससा डोळा मिटून बसत असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल किंवा त्याने खाणे सोडले असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. सशाने दहा-बारा तास काहीच न खाणे ही आणीबाणीच होय.

घरी करण्याजोगे थोडेच आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून स्राव हलकेच पुसावा. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घ्यावा. गालाची लव कोरडी ठेवावी, अन्यथा कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात त्यावर माश्या अंडी घालतात. घरातील उरलेले थेंब मात्र घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असल्यास बुबुळाची जखम चिघळते. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातील औषधे तोंडाने दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन ससा दगावू शकतो. माणसाला चालणारे औषध सशालाही चालेल, हा समज येथे जीवघेणा ठरतो.

पाटनच्या पशुपालकांना जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी सोय आहे. जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून कार्यरत असून २००९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय विद्यापीठास मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव आहे. पशुवैद्य रंगद्रव्याचा थेंब टाकून बुबुळावरील जखम व नलिकेतील अडथळा तपासतात, बारीक नळीने ती धुऊन काढतात आणि गरजेनुसार क्ष-किरणांद्वारे दातांची मुळे पाहतात. दात घासून कमी करण्यासाठी भूल द्यावी लागली, तरी सशाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नये. सशाला उलटी होत नाही; रिकामे पोटच त्याला अधिक धोक्याचे असते. प्रवासातही पिंजऱ्यात गवत असू द्यावे.