फुप्फुस-प्रतिरोपण, पुटीय तंतुमयतेतील

निकामी झालेली फुप्फुसे काढून त्यांच्या जागी दात्याची निरोगी फुप्फुसे बसविण्याची शस्त्रक्रिया. पुटीय तंतुमयता किंवा सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास उद्‌भवतो. सातव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९८९ मध्ये ओळखण्यात आले. त्यातील दोषामुळे श्लेष्म घट्ट व चिकट बनतो, श्वासनलिका तुंबतात आणि वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाने फुप्फुसे क्रमाक्रमाने नष्ट होतात. निदानासाठी घामातील क्लोराइडाचे प्रमाण मोजतात. भारतात दमा किंवा क्षय समजून उपचार होत राहिल्याने निदानास पुष्कळदा विलंब लागतो.

पहिले मानवी फुप्फुस-प्रतिरोपण १९६३ मध्ये जेम्स हार्डी यांनी अमेरिकेत केले. रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकालीन यश १९८३ मध्ये टोराँटो येथे लाभले. या विकारात दोन्ही फुप्फुसे बदलावी लागतात. एक मागे ठेवल्यास त्यातील जंतू नव्या फुप्फुसात पसरतात. नव्या फुप्फुसांच्या कोशिकांत दात्याची जनुके असल्याने त्यांत मूळ विकार पुन्हा उद्‌भवत नाही. अग्निपिंड, आतडी व नासाकोटरे यांतील विकार मात्र कायम राहतो. शरीराने फुप्फुसे नाकारू नयेत म्हणून प्रतिरक्षा दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात व त्यांमुळे संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून रुग्ण फार खचण्यापूर्वी, परंतु अन्य उपचार अपुरे ठरल्यावरच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. सदोष प्रथिनाचे कार्य सुधारणारे तीन औषधांचे मिश्रण अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाल्यावर तेथे अशा प्रतिरोपणांची संख्या बरीच घटली. ही औषधे अतिशय महाग असून सर्व जनुकीय दोषांवर उपयुक्त नाहीत.

मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला. त्याने मस्तिष्क-मृत्यूस वैधानिक मान्यता दिली. अशा दात्याचे अवयव नातेवाइकांच्या लेखी संमतीने घेतात. काढलेली फुप्फुसे थंड ठेवूनही सामान्यतः सहा ते आठ तासांच्या आत बसवावी लागतात. नाशिकमधील गंगापूर रोडवरील एखाद्या रुग्णालयात दाता उपलब्ध झाल्यास पुण्यापर्यंतचे सुमारे २०० किमी. किंवा मुंबईपर्यंतचे त्याहून थोडे कमी अंतर याच मुदतीत काटावे लागते. त्यासाठी पोलीस वाहतूक थांबवून रुग्णवाहिकेस रस्ता मोकळा करून देतात. या साऱ्या व्यवस्थेचा प्रारंभ मात्र शोकग्रस्त कुटुंबाच्या संमतीने होतो. ती वेळेवर न मिळाल्यास कुशल शल्यचिकित्सकाचाही इलाज चालत नाही.