पंगतीच्या ताटातले उष्मांक कसे अजमावावे?

बांधावर उभं राहून उसावर नजर टाकली की एकरी किती टन पडतील, हे आपल्यातला जाणता सभासद सांगतो. काट्यावर वजन झालं की फार फरक निघत नाही. त्याला हे जमतं, कारण बेणं कोणतं, लागण कधीची, खताची पोती किती, पाण्याच्या पाळ्या किती, हे सगळं त्याच्या हातचं असतं. याच सभासदाला लग्नाच्या पंगतीत विचारलं, "दादा, या ताटात उष्मांक किती?" तर तो हसेल. त्यात त्याचा दोष नाही. दुसऱ्यानं रांधलेल्या ताटात तेल किती ओतलं, हे डोळ्याला दिसतच नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, हा विषय आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज त्यात दिला आहे. आपल्याकडंही पंगतीला बसण्याआधी खिशातून गोळ्यांची पाकिटं निघू लागली आहेत. याच परिषदेनं २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार जड कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० उष्मांक लागतात, तर बैठं काम करणाऱ्याला २११०. बायकांसाठी हेच आकडे २७२० आणि १६६० आहेत. मोट गेली, बैल गेले, नांगरट ट्रॅक्टरवर आली. ताट मात्र मोटेच्या काळातलंच राहिलं.

उष्मांक म्हणजे कॅलरी. आपल्याला तो नवा नाही. बॉयलरमध्ये बगॅस जाळून किती उष्णता मिळते, हे आपले इंजिनियर याच मापानं मोजतात. ओल्या बगॅसच्या किलोला सव्वादोन हजारांच्या आसपास. पोटातल्या भट्टीचा हिशेबही तसाच. पीठ, तांदूळ, साखर, डाळ यांच्या कोरड्या ग्रॅमला ढोबळमानानं ४ धरा आणि तेल-तुपाच्या ग्रॅमला ९. एवढे दोन आकडे पाठ असले तरी अर्धं काम झालं.

आम्ही साखर कारखान्याच्या पत्रकातून लिहीत आहोत, तेव्हा साखरेबद्दल आधी बोलून मोकळे होतो. चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम, २० उष्मांक. पाहुणा, सोसायटी, बँक, गट ऑफिस असं फिरताना चहाला नाही म्हणता येत नाही. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक. दूध निराळं. महिन्याला ती १ किलो ८०० ग्रॅम भरते, नुसती चहातली! गुळाचा चहा घेतला म्हणजे सुटलो, असंही कोणी समजू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम साखरेला ३९८ आणि गुळाला ३८३ उष्मांक दिले आहेत. गुऱ्हाळवाल्यांनी राग मानू नये.

साखर निदान जिभेला कळते तरी. खरी फसगत तेलाची, कुटाची आणि खोबऱ्याची. भरल्या वांग्याच्या रश्श्यात शेंगदाण्याचा कूट किती घातला, हे घरधनिणीलाच ठाऊक. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात, सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त. मिसळीवरची तर्री दिसते म्हणून माणूस ती बाजूला सारतो, आणि तेलात तळलेली शेव मात्र वरून मागून घेतो. अशा ताटाकडे बघून केलेला अंदाज बहुधा कमीच निघतो. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९२ साली एक अभ्यास आला होता. खाणं कमी करूनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या दहा जणांचा आहार मोजला, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा खऱ्या खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला.

मग परक्या घरी अंदाज करायचा कसा? आमच्या मते ताटाकडे बघूच नये, आचाऱ्याच्या यादीकडे बघावं. उसाचा उतारा आपण एकेका कांडीवरून काढत नाही, सगळ्या गाळपावरून काढतो. तसंच हे. समजा, ५०० पानांचं लग्न आहे. यादीत १५ किलोचे तीन डबे तेल आहे आणि साखर ३० किलो. तळणीत ५ किलो तेल उरलं असं धरलं, तर ४० किलो तेल ५०० माणसांच्या पोटात गेलं. पानाला ८० ग्रॅम, म्हणजे ७२० उष्मांक. साखर पानाला ६० ग्रॅम, म्हणजे २४०. भात, पुरी, डाळ यांचा हिशेब अजून केलाच नाही, आणि ९६० झाले! आग्रहानं दोनदा वाढून घेतलं, तर सरासरीचा हिशेब आपल्यापुरता आणखी वर चढवावा. किराणा कोणी भरला हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्याला विचारायला काय लाज आहे?

एका पदार्थाची यादी तर विचारावीही लागत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वाच्या मापाचा. सव्वा किलो रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप. रव्याचे साधारण ४४००, साखरेचे ५०००, तुपाचे ११२५०. दूध-केळी सोडून एकूण वीस हजारांच्या वर. शंभर जणांना वाटला तर मुदीला दोनशे उष्मांक, आणि त्यातले निम्म्याहून जास्त तुपाचे. प्रसाद नाकारा असं आम्ही म्हणत नाही. मूद लहान घ्यावी, आणि त्या रात्री एक भाकरी कमी करावी. मोठ्या हातानं थापलेली, १०० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साडेतीनशेच्या आत-बाहेर असते.

साखरेचा आजार असलेल्यांनी एवढ्यावर थांबू नये. त्यांना तेलापेक्षा भात, पोळी आणि गोडाचा हिशेब आधी ठेवावा लागतो, कारण रक्तातली साखर त्यानंच पटकन वर जाते. दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. मुहूर्त साडेबाराचा असतो आणि पंगत बसते तीनला. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेऊन माणूस मांडवात ताटकळतो. मग दरदरून घाम, हाताला कापरं, डोळ्यांपुढं अंधारी. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. लग्नसराईत गोळीची वेळ कशी सांभाळायची, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

शहरातल्या मोठ्या हॉटेलांचं थोडं सोपं झालं आहे. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनी पदार्थासमोर उष्मांक छापावेत, असा नियम २०२२ पासून लागू आहे. ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरच्या ढाब्याला तो लागत नाही, तिथं आपलीच नजर चालवावी लागते. ती तयार होते घरात. महिन्याला घरात किती तेल येतं आणि खाणारी तोंडं किती, हे एकदा मांडून बघा. पाच माणसांत पाच किलो, म्हणजे माणशी दिवसाला ३३ ग्रॅम, ३०० उष्मांक. हा आकडा लक्षात राहिला की लग्नातल्या ७२० चा अर्थ आपोआप कळतो.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेला सभासदांसाठी जेवण असतंच. त्या दिवशीची आचाऱ्याची यादी आणि पानांची संख्या सभामंडपाच्या दाराशी फळ्यावर लिहावी, असं आम्ही व्यवस्थापनाला सुचवलं आहे. भागाकार ज्याचा त्यानं करावा. आणि हो, सवलतीच्या साखरेचं कार्ड घरी विसरू नका.