दोन डोळ्यांचे अमर खडे

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात गो हा पटावरचा खेळ खेळायचा असेल, तर दुकानात जावं लागणार नाही. फरशीवर खडूने 9 आडव्या आणि 9 उभ्या रेघा मारा. काळ्या बाजूसाठी रस्त्याकडेची बारीक गिट्टी, पांढऱ्यासाठी मूठभर सोयाबीन. जपानमध्ये उंची खडे नाची इथल्या काळ्या दगडाचे आणि शिंपल्याचे करतात, पण खेळाला त्याने काही फरक पडत नाही. मोठा पट 19 रेघांचा, म्हणजे 361 घरांचा असतो. शिकायला 81 घरं भरपूर झाली.

खडा चौकोनात ठेवायचा नाही, रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा. तेच घर. काळा आधी, मग पांढरा, एका वेळी एकच खडा. एकदा ठेवलेला खडा पुढे सरकत नाही, उडी मारत नाही, आणि त्याला राजा-वजीर असा हुद्दाही नाही. चीनमध्ये अडीच हजार वर्षांहून जुना असलेला हा खेळ एवढ्याच सामानावर उभा आहे.

मारायचं कसं, हे ज्याने गावाकडे वाघ-बकरी खेळली आहे त्याला निम्मं आधीच ठाऊक असतं. बकरी वाघाला मारू शकत नाही, ती त्याला कोंडते. चहूबाजूंनी वाट बंद झाली की वाघ संपला. गोमध्ये दोन्ही बाजू बकऱ्यांच्याच आहेत. पटाच्या मधल्या खड्याला रेघेवरून लागून चार घरं असतात, कडेच्या खड्याला तीन, कोपऱ्यातल्याला दोन. शत्रूने ती सगळी भरली की तो खडा उचलला जातो. एकाच रंगाचे खडे रेघेने लागून असले, तर त्यांचा जीव एक होतो: त्यांची मोकळी घरं सामाईक, आणि मरण आलं तर तेही सगळ्यांना एकदमच. तिरपा शेजार इथे धरत नाहीत.

आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. पटाच्या एका कोपऱ्यात मांडून बघा. अगदी कडेच्या रेघेवर, कोपऱ्यापासून सुरुवात करून: रिकामं घर, काळा खडा, रिकामं घर, काळा खडा. त्याच्या लगतच्या आतल्या रेघेवर ओळीने चार काळे. एकूण सहा खडे. आता बाहेरून सोयाबीनचा पूर्ण वेढा घाला, एकही फट ठेवू नका. पांढऱ्याने कोपऱ्यातल्या रिकाम्या घरात खडा घातला, तर त्याला स्वतःला एकही मोकळं घर उरत नाही, आणि काळ्यांचं दुसरं घर अजून मोकळंच असतं, म्हणून तेही मरत नाहीत. अशी आत्महत्येची चाल खेळता येत नाही. दुसऱ्या घरात घालायला जा, पुन्हा तेच. दोन्ही घरं एकदम भरावी लागतील, आणि हातात चाल तर एकच. हे सहा खडे डाव संपेपर्यंत कोणीही मारू शकत नाही.

या दोन रिकाम्या घरांना खेळाडू डोळे म्हणतात. दोन डोळ्यांचा समूह अमर आहे, असं नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. नियम आहे तो कोंडून मारण्याचा, आणि त्याच्याच पोटातून न मरण्याची युक्ती निघते! माणसाने हे बनवलं नाही, त्याला ते सापडलं, असं मी समजतो.

आता त्या आकारातला कडेच्या रेघेवरचा मधला काळा खडा काढा. आत सलग तीन घरं मोकळी झाली. पाळी काळ्याची असेल, तर मधल्या घरात खडा ठेवून तो दोन डोळे करतो आणि जगतो. पाळी पांढऱ्याची असेल, तर तोही त्याच घरात बसतो, आणि सगळा समूह जातो. पाच खड्यांचं जगणं-मरणं एका घरावर आणि पाळी कोणाची यावर. नवशिक्यांनी रोज अशी कोडी सोडवावीत. पोथीभर सल्ल्यांपेक्षा त्यांनी नजर लवकर तयार होते.

शेवटी जिंकतो तो ज्याने जास्त मोकळी जागा वेढली. मारलेले खडेही हिशेबात येतात. इथेही पटाची भूमिती बोलते. नऊ घरांचा चौकोन वेढायला पटाच्या मध्ये 12 खडे लागतात, कडेला 9, कोपऱ्यात फक्त 6, कारण तिथे दोन भिंती पटानेच बांधून दिलेल्या असतात. म्हणून जाणते खेळाडू आधी कोपरे धरतात, मग कडा, आणि मध्याकडे सर्वांत शेवटी वळतात.

एवढ्याशा नियमांतून किती मांडण्या निघतात? संगणकशास्त्रज्ञ जॉन ट्रॉम्प यांनी 2016 मध्ये 19 रेघांच्या पटावरच्या वैध मांडण्यांचा नेमका आकडा काढला. तो 171 अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची अंदाजे संख्या 81 अंकांच्या आसपास भरते. त्यामुळेच बुद्धिबळात 1997 साली जगज्जेता कास्पारोव्ह संगणकाकडून हरल्यावरही गो बरीच वर्षं यंत्रांना दाद देत नव्हता.

मार्च 2016 मध्ये सोलला कोरियाचे नामांकित खेळाडू ली सेडॉल विरुद्ध अल्फागो हा संगणक-प्रोग्राम असे पाच डाव झाले. दुसऱ्या डावात यंत्राने 37वी चाल पाचव्या रेघेवर केली. कोणताही शिक्षक विद्यार्थ्याला अशी चाल करू देणार नाही, इतकी ती रूढीबाहेरची होती. आधी ती चूक वाटली. पुढे तिचं वजन कळलं. चौथ्या डावात ली यांनी 78वी चाल अशी काही बसवली की यंत्राचा हिशेबच कोलमडला. तो एक डाव माणसाचा, बाकीचे चार यंत्राचे.

लोहाऱ्यातल्या फरशीवर मात्र आजोबा आणि नातू बरोबरीने बसू शकतात, आणि तीही सोय खेळातच आहे. कच्चा खेळाडू काळे घेतो आणि सुरुवातीलाच काही खडे पटावर मांडून ठेवतो. मोठ्या पटावर फरकाप्रमाणे दोन ते नऊ, छोट्यावर दोन-तीन पुरतात. नातू सलग जिंकू लागला की एक खडा कमी करायचा.