राउटरलाही कडी लावा!

रात्री दाराला कडी लावल्याशिवाय आमच्या मंद्रूपमध्ये कुणी झोपत नाही. पण घरात चोवीस तास जागं असणारं आणखी एक दार आहे. कोपऱ्यात दिवे मिचकावणारा इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर! जोडणारा माणूस गेला, मोबाइलवर नेट आलं की आपण त्याच्याकडे फडकं मारण्यापुरतंच बघतो.

२६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल आला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथल्या भाडेकरूचा काही संबंध नव्हता. त्याचं उघडं वायफाय भलत्यांनीच वापरलं होतं. पण कनेक्शन त्याचं, म्हणून चौकशीही त्याचीच!

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले. कारण साधंच, कंपनीने घातलेले ‘अॅडमिन’सारखे पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. राउटर परक्याच्या हाती गेला, तर बँकेऐवजी नकली पानावर नेण्याचा डावही टाकता येतो.

मग करायचं काय? राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर १९२.१६८.१.१ असा पत्ता असतो. मोबाइल त्याच वायफायला जोडून ब्राउझरमध्ये तो टाकला, की सेटिंगचं पान उघडतं. आधी तिथला अॅडमिन पासवर्ड बदला, मग वायफायचा. दोन्ही वेगळे आणि लांब ठेवा. मुलांची नावं, जन्मतारखा नकोत. सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘३’ निवडा. ‘डब्ल्यूपीएस’ आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ‘फर्मवेअर अपडेट’. राउटरमधल्या प्रोग्रॅमला भोक सापडलं, की कंपनी ठिगळ पाठवते. ते दर वेळी आपोआप लागतंच असं नाही, म्हणून महिन्यातून एकदा बघा. जुन्या डब्याला ठिगळं येणंच थांबलं असेल, तर तो बदललेला बरा. सेटिंगचं पान उघडत नसेल, तर कनेक्शनवाल्याकडूनच करून घ्या.

राहिला शेजारधर्म. ‘काकू, पासवर्ड सांगा की!’ म्हणत गल्लीतली पोरं आली, की नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं. मी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून त्याचा वेगळा पासवर्ड ठेवलाय. त्यांना नेट मिळतं, आमचे मोबाइल नि कॅमेरा बाजूला राहतात. तरी कनेक्शन आपल्याच नावावर असतं, म्हणून तो पासवर्डही ओळखीच्यांनाच देते आणि अधूनमधून बदलते. मैत्रिणींनो, दुपारच्या चहानंतरचा अर्धा तास पुरतो या कामाला!