बाटली सोड्याची, जाहिरात मद्याची

मागणीच्या लवचिकतेचा पाठ शिकवीत असताना मी एकदा वर्गाला एक साधा प्रश्न विचारला. क्रिकेटच्या सामन्यात दोन षटकांच्या मध्ये ज्या सोड्याची जाहिरात हटकून दिसते, त्याच्या बाटलीची किंमत किती? साठ विद्यार्थ्यांपैकी एकालाही ती सांगता आली नाही. तो सोडा कोणी विकत घेतला आहे काय, असे विचारले. एकही हात वर झाला नाही. मग ही जाहिरात कशाची, असे विचारताच मागच्या बाकांवर हशा पिकला आणि एका व्हिस्कीचे नाव चार-पाच मुखांतून एकदम बाहेर पडले. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुले! महाराष्ट्रात पंचवीस वर्षांखालील व्यक्तीला व्हिस्की विकण्यास कायद्याने मनाई आहे.

ज्या वस्तूची किंमत ग्राहकाला ठाऊक नाही, तिच्या जाहिरातीवर अमाप पैसा ओतणारा उद्योजक एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर तो दुसरेच काही विकत असला पाहिजे. मद्याचा उद्योजक वेडा खासच नाही. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत २००० साली दुरुस्ती झाली आणि मद्याची प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष, दोन्ही प्रकारची जाहिरात निषिद्ध ठरली. २००९ साली त्याच नियमांत एक पळवाट राहिली: मद्याचे नाव धारण करणारी दुसरी वस्तू काही अटींवर जाहीर करण्यास मुभा मिळाली. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरीही मार्च २०२५ मध्ये आरोग्य सेवांच्या महासंचालकांना आयपीएलच्या चालकांना पत्र लिहून, तंबाखू व मद्याच्या छुप्या जाहिराती थांबवा, असे सांगावे लागले. कायदा असताना विनंतीपत्र धाडावे लागते, यातच त्या कायद्याची योग्यता दिसून येते.

उद्योगाचा युक्तिवाद असा की, जाहिरात नवे पिणारे निर्माण करीत नाही. पिणाऱ्याने कोणता छाप निवडावा एवढेच ती सांगते. शिवाय 'जबाबदारीने प्या' असा उपदेशही आम्ही करतोच. हा उपदेश ताळेबंदाशी ताडून पाहावा. २०१८ साली इंग्लंडविषयी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तेथील मद्यविक्रीच्या उत्पन्नापैकी ६८ टक्के उत्पन्न सरकारी मर्यादेपेक्षा अधिक पिणाऱ्यांकडून येते. या सर्वांनी ती मर्यादा पाळली, तर उत्पन्न ३८ टक्क्यांनी घटेल. म्हणजे ग्राहकाने उपदेश मनावर घेतला, तर उपदेशकाचे दुकान एक-तृतीयांशाहून अधिक बसेल! आकडे इंग्लंडचे असले, तरी त्यामागील तर्क देशाच्या सीमा मानीत नाही. अतिरेकी पिणाऱ्यावर ज्याचा नफा उभा आहे, त्याच्याकडून संयमाच्या प्रसाराची अपेक्षा करणे भाबडेपणाचे होय. आणि हा ग्राहक फार काळ टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१९ साली जगात मद्यामुळे सुमारे २६ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांच्या रिकाम्या जागा कोणी तरी भरावयास हव्यात. माझ्या वर्गातील हशाचा अर्थ इथे लागतो.

मग शासन हात का आखडते? राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा आजही पुस्तकात आहे. परंतु राज्याच्या तिजोरीला मद्यशुल्काची सवय जडली आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. किंमत वाढली की खप घटतो, म्हणून आरोग्याच्या दृष्टीने हे स्वागतार्हच. तथापि हेतू बोलून दाखविला गेला तो १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाचा. आणि त्याच निर्णयाने धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या तुलनेने स्वस्त मद्याचा नवा प्रकार जन्मास घातला. एका हाताने महाग करावयाचे आणि दुसऱ्या हाताने स्वस्त पर्याय पुढे ठेवावयाचा, याला महसुलाचे धोरण म्हणता येईल, आरोग्याचे नव्हे. शुल्काची रक्कम अर्थसंकल्पात जमेच्या बाजूस ठळकपणे दिसते. रुग्णालयातील खाट, बुडालेली रोजंदारी, मुलीची राहिलेली फी यांची नोंद मात्र हजारो घरांच्या वह्यांत विखुरलेली असते; तिची बेरीज कोणताही अर्थमंत्री वाचून दाखवीत नाही.

यावर आक्षेप येईल की, दारूबंदी फसते आणि महागाईने हातभट्टी फोफावते. आक्षेप खोटा नाही. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ साली उठवावी लागली. मुंबईत मालवणी येथे २०१५ साली विषारी दारूने शंभरावर गरिबांचे बळी घेतले. म्हणूनच मी बंदीची मागणी करीत नाही. हातभट्टीवरील कठोर कारवाई किंमतवाढीच्या बरोबरीनेच चालली पाहिजे. पण जाहिरात रोखल्याने हातभट्टी वाढते, असे तर कोणी म्हणू शकणार नाही! द्राक्षमद्याचा अभिमान बाळगणाऱ्या फ्रान्सने १९९१ साली एव्हँ कायदा करून दूरचित्रवाणी व चित्रपटगृहांतील मद्याची जाहिरात बंद केली, क्रीडास्पर्धांचे प्रायोजकत्व थांबविले आणि आडवाटेच्या जाहिरातीलाही त्याच कक्षेत घेतले. स्कॉटलंडने २०१८ साली मद्यातील अल्कोहोलच्या प्रमाणात किमान विक्रीदर ठरवून दिला. हा कर नव्हे; वाढीव पैसा सरकारला मिळत नाही. तरीही केवळ मद्यामुळे होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिजोरीचा मोह बाजूस ठेवला की धोरण आखता येते, एवढे यावरून दिसते.

आपल्याकडे गावातील दारूचे दुकान बंद करावयाचे, तर बायकांना सह्या गोळा कराव्या लागतात, मतदान घडवून आणावे लागते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळवावी लागतात. मजुरीला गेलेली, माहेरी असलेली प्रत्येक बाई जणू दुकानाच्याच बाजूने मोजली जाते. सोड्याची बाटली मात्र कोणाचीही सही न घेता घराघरांत शिरते. ज्या नावाने मद्य विकले जाते, त्या नावाने दुसऱ्या कोणत्याही वस्तूची जाहिरात करता येणार नाही, एवढे एका वाक्याचे कलम कायद्यात निःसंदिग्धपणे घातले आणि मोडणाऱ्यास नफ्याहून मोठा दंड ठेवला, तर हा विषम सामना थोडा तरी बरोबरीचा होईल. त्यासाठी तिजोरीतून दमडीही खर्च होणार नाही. हशा पिकविणाऱ्या त्या मुलांसाठी शासनाने इतके तरी करावयास हरकत नसावी.